रिवाज कोणाच्या हातात? अफगाण समाज आणि मानवशास्त्राची दोनशे वर्षे

महाराष्ट्राला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन माहीत आहे तो पेशवाईच्या अखेरीचा रेसिडेंट आणि पुढे मुंबई इलाख्याचा गव्हर्नर म्हणून. अफगाणिस्तानच्या अभ्यासातले त्याचे स्थान याहून जुने आहे. १८०९ साली तो कंपनी सरकारचा वकील म्हणून पेशावरला अफगाण राजा शाह शुजाच्या दरबारी गेला. तिथला मुक्काम काही महिन्यांचाच होता आणि काबूल शहर त्याने कधी पाहिले नाही. दरबारात येणाऱ्या-जाणाऱ्यांना, व्यापाऱ्यांना आणि प्रवाशांना विचारून त्याने माहिती जमवली. तिच्यावर आधारलेला काबूलच्या राज्याचा त्याचा ग्रंथ १८१५ मध्ये, तो पुण्यात रेसिडेंट असतानाच, प्रसिद्ध झाला. एल्फिन्स्टन मूळचा स्कॉटिश. अफगाण टोळ्यांत त्याला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली कुळे दिसली. स्वाभिमानी, लढाऊ, पाहुण्यासाठी जीव टाकणारा, सूड न विसरणारा आणि कोणाचेच राज्य न मानणारा माणूस हे त्या ग्रंथातले चित्र पुढे वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी, कादंबरीकारांनी आणि अखेर दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनी जसेच्या तसे वापरले. आपल्याकडे त्यात पानिपतचा अब्दाली आणि व्याजाने पैसे देणारा पठाण यांची भर पडली. या चित्राची खरी अडचण अशी की त्यात काळच नाही. १८०९ चा अफगाण आणि २०२१ चा अफगाण एकच, मधल्या काळात फक्त बंदुका बदलल्या, असे ते सांगते. मानवशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष गावांत आणि छावण्यांत राहून केलेले काम एकत्र ठेवून वाचले तर वेगळी गोष्ट समोर येते. अफगाण रिवाज सतत बदलत आले आहेत आणि प्रत्येक बदलाच्या मुळाशी एकच झगडा आहे: रिवाजाचा अर्थ लावायचा अधिकार कोणाचा? एकमेकांना ओळखणाऱ्या, रोज एकमेकांच्या तोंडाकडे पाहून जगावे लागणाऱ्या माणसांचा, की फर्मान, पैसा वा शस्त्र घेऊन बाहेरून येणाऱ्याचा? आज जिला अफगाण परंपरा म्हणतात, तिचा मोठा भाग या झगड्यात दुसऱ्या पक्षाची सरशी होत गेल्याने घडला आहे.

पश्तूनवलीपासूनच, म्हणजे पश्तूनांच्या रिवाजांच्या संहितेपासूनच, सुरुवात करायला हवी, कारण टोळीच्या कालातीत स्वभावाचा पुरावा म्हणून तिचेच नाव घेतले जाते. मेलमस्तिया म्हणजे पाहुणचार, बदल म्हणजे सूड किंवा फेड, ननवाते म्हणजे शरण आलेल्याला अभय, नंग म्हणजे अब्रू, आणि या सगळ्यांवर वाटाघाटीची सभा म्हणून जिरगा. यादी म्हणून हे सारे अचल वाटते. नॉर्वेचा मानवशास्त्रज्ञ फ्रेड्रिक बार्थ याने १९५४ मध्ये स्वात खोऱ्यात काम केले आणि १९५९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याला तिथे जमीनदार खान आपापले अनुयायी जमवताना, चुलतभावाविरुद्ध परक्याशी हातमिळवणी करताना दिसले. तर्बूर, म्हणजे चुलतभाऊ, हाच तिथे जन्माचा प्रतिस्पर्धी. भाऊबंदकी काय असते हे मराठी वाचकाला सांगायला नको. मानवशास्त्रज्ञ तलाल असद याने १९७२ मध्ये बार्थवर घेतलेला आक्षेप मोलाचा आहे. ज्याला तुम्ही स्वतंत्र माणसांची निवड म्हणता ती जमीन असलेल्यांची निवड आहे आणि भूमिहीनाला कोणाच्या तरी छत्राखाली जावेच लागते, असे त्याने दाखवले. म्हणजे अगदी अभिजात मानल्या गेलेल्या पश्तून समाजातही रिवाज सर्वांसाठी सारखा नव्हता. तो कोणाच्या बाजूने चालेल हे मालमत्ता ठरवत होती. बार्थचे १९६९ चे दुसरे काम मात्र मला त्याच्या स्वातच्या पुस्तकापेक्षा दूरगामी वाटते. वंशसमूह त्यांच्या संस्कृतीच्या सामग्रीने टिकत नाहीत, ते टिकतात आपण आणि परके यांच्यातल्या सीमारेषेने, असे त्याने तिथे मांडले. दक्षिणेकडच्या सरहद्दीवरची पश्तून कुटुंबे बलुच सरदारांच्या आश्रयाला जाऊन कालांतराने बलुच होतात, कारण पश्तून म्हणून मानाने वागण्याइतके साधन तिथे हातात राहत नाही. ओळख हा रक्ताचा वारसा असता तर असे घडले नसते.

देशाच्या वांशिक नकाशालाही हेच लागू पडते. पश्तून, ताजिक, हजारा, उझबेक असे रंग भरलेले नकाशे वर्तमानपत्रांतून नेहमी दिसतात आणि प्रत्येक रंगाला टक्केवारी दिलेली असते. या टक्केवाऱ्या अंदाजाच्या आहेत. १९७९ मध्ये सुरू झालेली देशाची पहिली जनगणना अस्थिरतेमुळे अर्धवट राहिली आणि त्यानंतर एकही पूर्ण झालेली नाही. २००४ च्या राज्यघटनेने चौदा समूहांची नावे घेतली, ती नकाशाच्या रंगांहून बरीच जास्त. शिवाय हा नकाशा प्राचीनही नाही. त्यातल्या कितीतरी रेषा अमीर अब्दुर रहमान खान याच्या १८८० ते १९०१ या कारकिर्दीत ओढल्या गेल्या. ब्रिटिशांकडून मिळणारा तनखा आणि शस्त्रे यांच्या बळावर त्याने १८९१ ते १८९३ या काळात हजारांचा प्रदेश चिरडला. असंख्य लोक मारले गेले, गुलाम झाले किंवा क्वेट्टा आणि मशहदकडे पळाले, आणि त्यांची कुरणे पश्तून भटक्यांना मिळाली. १८९५-९६ मध्ये काफिरिस्तान जिंकून तिथल्या लोकांना मुसलमान करण्यात आले आणि प्रदेशाचे नाव नूरिस्तान झाले. बंडखोर गिलझाई कुटुंबे उत्तरेकडे हलवली गेली. १८९३ ची ड्युरँड रेषाही याच काळातली. हजारा आणि पश्तून यांच्यातल्या वैराला पुरातन म्हणणारे लोक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक सरकारी निर्णय निसर्गाच्या खात्यात टाकत असतात.

स्त्रियांच्या स्थितीकडे आले की हा प्रश्न अधिक टोकदार होतो आणि इथे पुरावाही सर्वांत सकस आहे. नॅन्सी टॅपर यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी उत्तर अफगाणिस्तानात, सर-ए-पुल भागातल्या दुर्रानी पश्तूनांमध्ये काम केले; त्यांचे पुस्तक १९९१ मध्ये आले. हे दुर्रानी आपल्या मुली इतर समूहांना देत नसत, त्यांच्या मुली मात्र घेत. वधूमूल्याचा, म्हणजे वलवरचा, बाजार आणि टोळीची उतरंड एकमेकांत विणलेली होती. मुलीची किंमत, कर्ज, जमीन आणि घराण्याची पत हे सारे एकाच हिशेबात बसत होते. टॅपर यांनी या व्यवस्थेचे गुणगान केलेले नाही. स्त्रियांची घुसमट, त्यांची गुपिते, त्यांनी आपसांत उभारलेले छोटे जग हे सर्व त्यांनी नोंदवले. त्याचबरोबर एक गोष्ट स्पष्ट केली की वलवर हा सुटा दुर्गुण नाही. तो एका आर्थिक रचनेचा सांधा आहे, आणि सांधा तोडायचा तर उरलेल्या रचनेचे काय करणार हे आधी सांगावे लागते. १९७८ च्या एप्रिलमध्ये सत्तेवर आलेल्या कम्युनिस्ट सरकारने ते सांगितले नाही. त्याच वर्षीच्या सातव्या हुकूमनाम्याने मेहेरची मर्यादा तीनशे अफगाणी ठरवली, वधूमूल्यावर बंदी आणली, लग्नाचे किमान वय मुलींसाठी सोळा आणि मुलांसाठी अठरा केले. यातली एकही मागणी चुकीची नव्हती. पण तिच्यामागे गावातली कोणतीच संस्था नव्हती. होते ते शहरातून आलेले तरुण कार्यकर्ते आणि तुरुंग. सावकारी रद्द झाली, पण बियाण्याला पैसा कोण देणार याची सोय झाली नाही. १९७९ च्या मार्चमध्ये हेरातला उठाव झाला. त्याच्याही पन्नास वर्षे आधी राजा अमानुल्लाह खान याने बालविवाहाविरुद्ध कायदा केला होता. १९२४ मध्ये खोस्तला बंड झाले आणि १९२९ च्या जानेवारीत त्याला गादी सोडावी लागली. लोकांना सुधारणाच नको होत्या असा निष्कर्ष यावरून सरसकट काढला जातो. लिऑन पुल्लाडा याने १९७३ मध्ये या निष्कर्षाला हात घातला. कर, सक्तीची सैन्यभरती आणि टोळ्यांचे हिरावलेले अधिकार ही बंडाची मुळे त्याला दिसली आणि बुरख्याचा प्रश्न बराचसा झेंड्यासारखा वापरला गेलेला दिसला. धर्माचा संताप खोटा होता असे त्याचे म्हणणे नव्हते. तो संताप जागा करण्यात कोणाचा लाभ होता, हे त्याने विचारले.

सोव्हिएत फौजा १९७९ च्या डिसेंबरमध्ये आल्या आणि १९८९ च्या फेब्रुवारीत परतल्या. या दहा वर्षांनी समाजाचा गाभा जितका हलवला तितका आधीच्या शतकात हलला नव्हता. साठ लाखांच्या आसपास माणसे पाकिस्तान आणि इराणमध्ये गेली. पेशावरच्या परिसरातल्या छावण्यांत शिधा आणि शस्त्रे यांचा ओघ पाकिस्तानने मान्यता दिलेल्या मुजाहिदीनांच्या सात पक्षांमधून वाहत होता. कुटुंबाला कोणत्या तरी पक्षाचे नाव लावावे लागे. खान आणि मलिक यांची सत्ता जमिनीवर, पाहुण्यांच्या पंगतीवर आणि भांडणे मिटवण्यावर उभी होती. छावणीत जमीन नव्हती, पंगत उठवायला धान्य नव्हते, आणि भांडण मिटवण्यापेक्षा लढणाऱ्याला अधिक किंमत होती. त्यांच्या जागी पक्षाचा सेनानी आणि मदरशाचा मौलवी आला. बायकांचे जगणेही आवळले गेले. गावात घरे नात्यातल्यांची असत, त्यामुळे बाई शेतावर, पाणवठ्यावर, शेजारी उघडपणे जाई. छावणीत शेजारी परका, म्हणून पडदा पूर्वीपेक्षा कडक झाला. हा कडकपणा मुलांनी लहानपणापासून पाहिला आणि तीच आपली जुनी रीत असे समजून ती मुले मोठी झाली. तालिबानची पहिली पिढी बऱ्याच अंशी याच छावण्यांतली आणि मदरशांतली. त्यांनी परत नेलेली परंपरा निर्वासनात घडलेली होती.

सूडाविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण आत्मघाती हल्ल्यांचे स्पष्टीकरण सूडाच्या संस्कृतीतून देण्याची सवय पडली आहे. डेव्हिड एडवर्ड्‌स यांनी अफगाण समाजावर तीन पुस्तके लिहिली. २०१७ च्या तिसऱ्या पुस्तकात त्यांनी बलिदान या कल्पनेचाच इतिहास मांडला. पश्तून रिवाजातला ‘बदल’, म्हणजे सूड, हा ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाशी केलेला हिशेब असतो. करणारा कोण हे सर्वांना कळले पाहिजे, त्याने जिवंत राहून आपली अब्रू मिरवली पाहिजे, आणि कधी ना कधी जिरगा बसून वैर मिटण्याची वाट खुली राहिली पाहिजे. बाजारात अनोळखी माणसांमध्ये स्वतःला उडवून देणारा यातली एकही अट पाळत नाही. सोव्हिएतविरोधी युद्धाच्या दहा वर्षांत, माणसे इतक्या संख्येने मरत असताना, अफगाणांनी हे हत्यार वापरले नाही. ९ सप्टेंबर २००१ रोजी तालिबानविरोधी सेनानी अहमद शाह मसूद याला मारणारे दोघे हल्लेखोर अरब होते. अफगाणिस्तानात असे हल्ले नित्याचे झाले ते त्यानंतर काही वर्षांनी. सोव्हिएतविरोधी युद्धापासूनच्या मधल्या काळात शहीद ही कल्पना पक्षांच्या मासिकांतून, भित्तिपत्रकांतून, कबरींच्या पूजेतून टोळीच्या हिशेबाबाहेर काढली गेली होती. रिवाज मोडला गेल्यावर जे उरले, त्याला पुन्हा रिवाजाचेच नाव मिळाले.

यावर पहिला आक्षेप असा येतो की तालिबान म्हणजे पश्तून ग्रामीण संस्कृतीच आहे आणि तिला शहरी, परदेशी चष्म्यातून पाहणारे लोक हे मान्य करायला कचरतात. तालिबान बहुसंख्येने पश्तून आहेत आणि दक्षिणेकडच्या गावांत त्यांना आधार होता, हे खरेच आहे. तरीही रिवाज आणि तालिबानचा हुकूम ठिकठिकाणी एकमेकांवर आदळतात. शरियतने मुलीला वारसा दिला आहे, पश्तून रिवाज तो देत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये तालिबानने स्वतःच फर्मान काढून स्त्रीच्या संमतीशिवाय लग्न नको, विधवेला वारसा मिळावा, स्त्री ही मालमत्ता नव्हे असे जाहीर केले. म्हणजे खुनाच्या भरपाईत मुलगी देण्याची बाद ही प्रथा आणि तिच्यासारख्या रिवाजांना त्यांनी धर्माच्या नावाने आव्हान दिले. उलट मार्च २०२२ मध्ये मुलींच्या माध्यमिक शाळा बंदच ठेवणारा आणि डिसेंबरमध्ये विद्यापीठे बंद करणारा हुकूम कोणत्याही टोळीच्या जिरग्यातून आलेला नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पक्तिया या पश्तूनबहुल प्रांतात वडीलधाऱ्यांच्या निर्णयाने मुलींच्या काही शाळा उघडल्या. थोड्याच दिवसांत तालिबानने त्या बंद केल्या आणि प्रांताची राजधानी गर्देझच्या रस्त्यावर मुली निषेधाला उतरल्या. टोळीचा सरदार एका बाजूला आणि संस्कृतीचे रक्षण करत असल्याचे सांगणारे सरकार दुसऱ्या बाजूला, हे दृश्य ज्यांना अशक्य वाटते त्यांनी पक्तियाकडे नीट पाहावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला टाळता येत नाही. गावाच्या हातात रिवाज होता तेव्हा तरी तो दयाळू होता का? बाद गावातल्याच जिरग्याने ठरवले, बालविवाह गावातच झाले, भूमिहीनाला न्याय मिळाला नाही तो ओळखीच्या माणसांकडूनच. हे सर्व मान्य. असद आणि टॅपर यांचे पुरावे याच बाजूचे आहेत आणि ते कमी लेखले तर हा लेख खोटा ठरेल. फरक वाटाघाटीच्या शक्यतेचा आहे. घरातली आजी, आईचे माहेर, मामा, मध्यस्थ सय्यद, शेजारच्या घराची भीती अशा किती तरी जागा गावातल्या निर्णयाला वळण देऊ शकत होत्या. बेनेडिक्ट ग्रीमा यांनी पश्तून स्त्रियांच्या दुःख सांगण्याच्या पद्धतीवर १९९२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात दाखवले की गम आणि खादी, म्हणजे शोक आणि आनंदाचे प्रसंग, यांना जाण्या-येण्याचे पूर्ण जाळे स्त्रिया सांभाळतात आणि त्या जाळ्यातून घराण्यांची नाती बांधतात. तालिबानच्या नेतृत्वाचे ठाणे असलेल्या दूरच्या कंदाहारहून निघालेल्या हुकुमापुढे या जागांना काहीच किंमत उरत नाही. गावातला अन्याय लहान नव्हता. पण त्याच्याशी झगडायला हात पोहोचत होता.

२००१ नंतरच्या वीस वर्षांत बाहेरचा हात वेगळ्या रूपात आला. २००७ मध्ये अमेरिकी लष्कराने मानवशास्त्रज्ञांना सैनिकांसोबत गावांत पाठवणारी योजना सुरू केली. अमेरिकन मानवशास्त्र संघटनेच्या कार्यकारिणीने त्याच वर्षी तिला जाहीर विरोध केला, कारण ज्यांच्यात राहून अभ्यास करायचा त्यांचे नुकसान होऊ नये ही या विद्येची पहिली अट आहे. २०१४ मध्ये योजना गुंडाळली गेली. एल्फिन्स्टनच्या चित्रातला टोळीप्रमुख आता शस्त्रे आणि पैसा देण्याजोगा भागीदार ठरला होता; पण ज्याला टोळीप्रमुख म्हणून पैसे मिळाले तो कित्येकदा युद्धातून वर आलेला सेनानीच असे. काबूलच्या उत्तरेला असलेल्या इस्तालिफ या कुंभारांच्या गावाचा नोआ कोबर्न यांनी केलेला, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच काळातला आहे. तालिबानच्या काळात जळालेल्या त्या गावात कुंभार परतले होते आणि शांतता टिकून होती, ती कोणा एकाच्या बळावर नव्हती. कोणीच हालचाल करायला धजत नव्हता म्हणून होती. आणि २०१४ ते २०२१ या काळात देशाचे अध्यक्ष असलेले अश्रफ घनी स्वतः कोलंबिया विद्यापीठात मानवशास्त्रात पीएचडी केलेले. त्यांच्या सरकारच्या पतनाला या विद्येचे अपयश म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. काबूलमध्ये अधिकार एकवटणारी राज्यघटना आणि परदेशी तिजोरीवर चालणारे सैन्य यांचा बोजा कोणत्याही विद्वानाला पेलला नसता.

हिंसेच्या या सर्व कथेत समाज फक्त भोगत राहिला असे मानणे चूक आहे. अलेस्सांद्रो मोन्सुत्ती यांनी जाघोरीच्या हजारांबरोबर काबूल, क्वेट्टा आणि इराण असा प्रवास करून २००५ मध्ये दाखवले की एका घराचे भाऊ जाणूनबुजून तीन देशांत पांगतात, हवाल्याने पैसा फिरवतात आणि एक देश बुडाला तरी घर तरेल अशी सोय करून ठेवतात. अमीर शेर अली खान याच्या काळात भारतातून काबूलला गेलेल्या दरबारी कलावंतांचे खराबात या मोहल्ल्यातले घराणे १९९० च्या दशकातल्या गोळीबारात उद्ध्वस्त झाले, तरी त्याची गायकी पेशावरला आणि पश्चिमेकडे जिवंत राहिली. याच परंपरेतले उस्ताद सराहंग पटियाला घराण्यात शिकलेले होते. पश्तून स्त्रियांच्या दोन ओळींच्या लंडई जमवणारे सय्यद बहाउद्दीन मजरूह यांची १९८८ मध्ये पेशावरमध्ये हत्या झाली. लंडई तरीही फोनवरून आणि रेडिओवरून फिरत राहिल्या. पुण्यात शिकायला आलेल्या अफगाण विद्यार्थ्यांनी २०२१ च्या ऑगस्टनंतर इथेच राहावे की जावे हा प्रश्न घेऊन महिने काढले, तोही याच पांगापांगीचा एक धागा आहे.

एक मर्यादा कबूल केलीच पाहिजे. गावांतला बारकाईचा अभ्यास बहुतांशी १९७८ च्या आधीचा आहे, तो बव्हंशी पुरुषांनी यजमान खानांच्या घरी राहून केला, आणि युद्धानंतरचे काम छावण्या, शहरे आणि परदेश यांच्याकडे झुकलेले आहे. नझीफ शहरानी यांनी पामीरच्या किर्गिझांवर १९७९ मध्ये पुस्तक लिहिले, त्यांतले पुष्कळसे लोक तोवर पाकिस्तानात निघून गेले होते आणि १९८२ मध्ये तुर्कस्तानात वसले. अभ्यासकाच्या हाताखालून समाजच सरकला. आता उलटा प्रवास सुरू आहे. २०२३ च्या अखेरीस पाकिस्तानने आणि पाठोपाठ इराणने अफगाणांना मोठ्या संख्येने परत पाठवायला सुरुवात केली. परतणाऱ्यांत लाखो लोक असे आहेत की जे कराचीत किंवा तेहरानमध्ये जन्मले, तिथल्या भाषेच्या वळणाने बोलतात, ज्यांच्या मुली तिथे शाळेत जात होत्या. गावात त्यांची जमीन चुलत्याच्या ताब्यात आहे, जिरग्यात त्यांच्या घराची जागा दुसऱ्याने घेतली आहे, आणि तक्रार न्यायची तर तालिबानच्या काझीकडे. जमिनीच्या या वादांत रिवाज कोण सांगणार, साक्ष कोणाची धरणार, आणि त्या घरातल्या बायकांचे म्हणणे कोणाच्या कानावर जाणार, हे नंगरहार आणि हेरातच्या सरहद्दीलगतच्या गावांत या घडीला ठरत आहे.